पुण्यात नवे आहात? मित्रांबरोबर आणि जोडीदाराबरोबर परवडेल असं बाहेर कसं जेवायचं

शिकायला किंवा पहिल्या नोकरीसाठी पुण्यात आलं की सुरुवातीच्या महिन्यांत बाहेर खाण्यावर पैसे कुठे जातात ते कळतच नाही. मेस किंवा डबा लावलेला असतो, तरी शनिवार-रविवारी ग्रुपबरोबर जाणं होतं. मध्येच कोणाचा वाढदिवस निघतो, कोणाला ऑफर लेटर मिळतं. मग वीस तारीख उलटली की एकेक जण "आज मला काम आहे" म्हणत गळायला लागतो. काम नसतं, पैसे संपलेले असतात आणि ते सांगवत नाही. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. नव्या शहरात बरोबर बसून जेवणारी माणसं मिळाली असताना ती दोनशे-तीनशे रुपयांपायी लांब जाऊ नयेत.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच धोरण आहे: ज्याच्या खिशात सगळ्यात कमी पैसे आहेत त्याला संकोच न करता येता आलं पाहिजे. जागा, वेळ, ऑर्डर, बिल, सगळं त्या हिशोबाने ठरवा. हॉटेलांचे दर सतत बदलतात, त्यामुळे मेन्यूकार्डाचे भाव इथे दिलेले नाहीत. जिथे आकडे आहेत ते आकडेमोड समजावी म्हणून घेतलेले आहेत.

बरोबर काय हवं

- फोनमध्ये चालू असलेलं यूपीआय ॲप. त्यात यूपीआय लाइट, म्हणजे ॲपमधलं छोटं पाकीट, हेही सुरू करून ठेवा. १,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिन न घालता जाते आणि बँकेचा सर्व्हर गडबडला तरी सहसा अडत नाही.
- थोडी रोख, तीही सुट्ट्या नोटांत. तळघरातल्या किंवा जुन्या वाड्यातल्या हॉटेलात फोनला रेंज नसते. काही जुन्या ठिकाणी अजून रोखच मागतात.
- पिशवी आणि एक घट्ट झाकणाचा डबा. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि उरलेलं बांधून घ्यायला आपला डबा दिला की पार्सलचे वेगळे पैसे बहुतेकदा वाचतात.
- ग्रुपमध्ये कोणी बिअर वगैरे घेणार असेल तर वयाचा पुरावा. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. कॉलेजचं ओळखपत्र याला चालेलच असं नाही, आधार किंवा लायसन्स ठेवा.

१. आधी आकडा, मग जागा

ग्रुपवर "कुठे जायचं?" असा प्रश्न टाकला की ज्याला पैशाची चिंता नाही तोच पहिला उत्तर देतो आणि मग तेच ठरतं. त्याऐवजी पहिला मेसेज आकड्याचा टाका: "उद्या रात्री, माणशी दोनशेच्या आत, कोण कोण?" हा मेसेज ग्रुपमधल्या कमावत्या माणसाने टाकला तर फार बरं. ज्याची पैशांची ओढाताण चालू आहे त्याला तोंड उघडावं लागत नाही, आणि जास्त खर्चाची हौस असलेल्यालाही आज काय बेत आहे ते आधीच कळतं.

स्वतःपुरतं बोलायचं तर बाहेर खाण्याचा महिन्याचा कोटा वेगळा ठेवा. यूपीआय लाइटचा इथे छान उपयोग होतो. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात. महिन्याच्या सुरुवातीला आपल्याला झेपेल तेवढी रक्कम भरायची, बाहेरचं सगळं खाणं त्यातूनच द्यायचं, आणि आपोआप पुन्हा भरण्याची सोय बंद ठेवायची. पंधरा तारखेला किती उरलंय ते एका नजरेत दिसतं. वही-बिही लिहायची गरज पडत नाही.

२. जागांचे प्रकार ओळखा

नवा माणूस नकाशावर "जवळची रेस्टॉरंट्स" शोधतो आणि चांगले फोटो असलेल्या ठिकाणी जातो. फोटो चांगले म्हणजे सजावटीवर खर्च झालेला, आणि तो खर्च शेवटी बिलातूनच निघणार. पुण्यात स्वस्त आणि चांगलं खाणं काही ठराविक प्रकारच्या ठिकाणी मिळतं. प्रत्येकाची रीत वेगळी आहे.

*अमृततुल्य.* चहाचं दुकान. बसायला चार बाकडी, कधी तीही नाहीत. फक्त भेटायचं असेल, गप्पा मारायच्या असतील तर इथून सुरुवात करा. बऱ्याच वेळा ग्रुपला भूक नसतेच, भेटायचं असतं. चहा-क्रीमरोलवर ती गरज भागते.

*मिसळ आणि वडापावची दुकानं.* यांचा वेळ सकाळचा. नारायण पेठेतल्या बेडेकरांसारख्या जुन्या ठिकाणी रविवारी सकाळी रांग असते. जागा लहान, मागे लोक उभे, त्यामुळे खाल्लं की उठायचं. इथे मिसळीबरोबर मिळणाऱ्या रश्श्याला सॅम्पल म्हणतात. काही ठिकाणी ते हवं तेवढं वाढतात, काही ठिकाणी दुसऱ्यांदा घेतलं की पैसे लागतात. जादा पावाचे पैसे तर लागतातच. आधी विचारून घ्या.

*उडपी हॉटेल.* इडली, डोसा, उत्तप्पा, फिल्टर कॉफी, दुपारी राइस प्लेट. फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली आणि रूपाली ही नावं तुम्ही ऐकली असतीलच. तिथे जायचंच, पण शनिवार-रविवारी सकाळी गेलात तर बराच वेळ नावाची वाट पाहत उभं राहायची तयारी ठेवा. तुमच्या राहत्या भागातही एखादं उडपी असणार. रोजच्यासाठी तेच सोयीचं, कारण चार वेगवेगळ्या बजेटची माणसं एका टेबलावर बसू शकतात. एक जण नुसती इडली खातो, दुसरा मसाला डोसा आणि ज्यूस घेतो, आणि कोणाकडे कोणी बघत नाही. ग्रुप नवा असेल, एकमेकांची आर्थिक स्थिती माहीत नसेल, तर मी दरवेळी उडपीच सुचवेन.

*इराणी.* पूर्वीपेक्षा कमी राहिली आहेत. डेक्कनचं गुडलक १९३५ पासूनचं, त्याच्यावरून चौकाला गुडलक चौक म्हणतात. बनमस्का, चहा, ऑम्लेट, खिमा. दोघांनी संध्याकाळी बसायला चांगलं.

*खानावळ आणि मेस.* सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांमुळे मेस गल्लोगल्ली आहेत. महिन्याचे सभासद नसाल तरी बहुतेक ठिकाणी एका वेळचं ताट मिळतं, त्याला गेस्टचं ताट म्हणतात. पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात. पोट भरण्याच्या हिशोबात याच्याइतकं परवडणारं दुसरं काही नाही. टिळक रस्त्यावरची बादशाही ही त्याच परंपरेतली जुनी, मोठी खानावळ. एक गोष्ट लक्षात ठेवा: बहुतेक मेस रविवारी दुपारी गोडाधोडाचं जेवण देतात आणि रविवारी संध्याकाळी बंद असतात. त्यामुळे रविवारी रात्री अर्धं विद्यार्थी पुणं एकाच वेळी बाहेर जेवायला निघतं.

*मटण-भाकरीची खानावळ.* इथे थाळी माणशी घ्यावी लागते. रस्सा साधारणपणे पुन्हा वाढतात, मटणाच्या फोडी नाही. थाळीत किती भाकऱ्या आहेत ते विचारा, कारण त्यापुढच्या प्रत्येक भाकरीचे पैसे पडतात आणि गरम बाजरीची भाकरी समोर आली की मोजदाद राहत नाही.

*चौपाट्या आणि खाऊगल्ल्या.* सारसबागेजवळची पावभाजी सगळ्यांना माहीत आहे. अशा ठिकाणी शेजारीशेजारी असलेल्या स्टॉलांची माणसं हाका मारून बोलावतात. बसण्याआधी दरपत्रक बघा, आणि बसल्यावर दुसऱ्या स्टॉलवरचं काही मागवलं तर चालेल का ते विचारा.

३. वेळ सांभाळा

इथे हॉटेलं दिवसभर सगळं देत नाहीत. राइस प्लेट साधारण साडेअकरा ते तीन. थाळीची ठिकाणं दुपारी बंद होतात ती संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. मिसळ दुपारनंतर मिळेलच असं नाही. आठवड्याची सुट्टी प्रत्येकाची वेगळी, म्हणून निघण्याआधी एक फोन करा. ॲपवरची वेळ जुनी असू शकते.

गर्दी टाळायची तर रात्री साडेसातला पोचा किंवा मधल्या वारी जा. मंगळवारी रात्री त्याच हॉटेलात तेच जेवण निवांत मिळतं. शिवाय दहाएक जण असाल तर शनिवारी एकत्र टेबल मिळणं कठीण, दोन टेबलांवर तुटावं लागतं.

४. कोण काय खातं ते आधी विचारा

दहा जणांच्या ग्रुपमध्ये एक शाकाहारी, एक जैन, एक फक्त अंडं खाणारा आणि एक गुरुवार पाळणारी सापडतेच. श्रावणात आणि चतुर्थीला यादी आणखी बदलते. याची चर्चा हॉटेलच्या दारात करू नका. सगळ्यात कडक नियम ज्याचा आहे त्याच्या सोयीने जागा निवडा. उपवास असलेल्यालाही यायचं असतं. बऱ्याच मराठी उपाहारगृहांत साबुदाण्याची खिचडी किंवा उपवासाची थाळी मिळते, तिथे त्याला ताटावर बसता येतं. त्याने नुसतं पाणी पीत बसणं मला बरं वाटत नाही.

शाकाहारी माणूस मटणाच्या खानावळीत डाळ-भात खातो आणि बिलाचा समान वाटा देतो, हा प्रकार तर ठरवून टाळा.

५. नाव लिहा, टेबल मिळवा

गर्दीच्या ठिकाणी दारात एक माणूस वही घेऊन उभा असतो. त्याला नाव आणि माणसं किती ते सांगायचं. सगळे आल्यावरच बसवतात, त्यामुळे "दोघं येतायत" हे सहसा चालत नाही. नाव पुकारलं आणि तुम्ही तिथे नसाल तर ते कापलं जातं.

दोघंच असाल तर चार खुर्च्यांच्या टेबलावर समोर अनोळखी माणसं बसतील. पुण्यात आणि मुंबईत हे नेहमीचं आहे, त्यात गैर काही नाही. थोडा निवांतपणा हवा असेल तर "वर जागा आहे का?" असं विचारा. अनेक जुन्या हॉटेलांत माळ्यावर किंवा मागच्या बाजूला फॅमिली रूम असते. मात्र तिथे किंवा एसी भागात मेन्यूकार्ड वेगळं असू शकतं, दर थोडे चढे. बसल्यावर पहिल्यांदा ते बघा.

वेटरला काका, मामा, दादा अशी हाक मारा. चुटक्या वाजवू नका. रोज शेकडो लोकांना वाढणारा माणूस तो. त्याला विचारलंत की "काका, आज काय चांगलंय, आणि आम्हा पाच जणांना किती पुरेल?" तर तो बहुतेकदा खरं सांगतो, कमी मागवा असंही सांगतो.

६. ऑर्डर देताना

बजेट इथेच हातातून निसटतं, म्हणून थोडं सविस्तर.

पाण्यापासून सुरू होतं. "साधं की मिनरल?" असं विचारतील. "साधं" म्हणा. बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा हॉटेलने जास्त घेतले म्हणून भांडायला जाल तर बाजू तुमची राहत नाही. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीचं बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. ते टाळायचा उपाय म्हणजे बाटली न घेणं.

पंजाबी पद्धतीच्या हॉटेलात पोट कशाने भरतं आणि बिल कशाने वाढतं हे वेगळं आहे. बिल वाढवतात ती स्टार्टर्स, मॉकटेल्स, मसाला पापड. पोट भरतं ते डाळ, भात, रोटीने. सहा जणांसाठी माझा नेहमीचा बेत असा असतो: तीन भाज्या, त्यातली एक पनीरची, एक दालतडका, माणशी दोन रोट्या आणि शेवटी दोन फुल जीरा राइस वाटून. भाज्यांची संख्या माणसांच्या निम्मी ठेवली की उरत नाही. सूप घ्यायचं तर वन बाय टू सांगा, दोन वाट्यांत करून देतात. चिकन हंडी असेल तर हाफ की फुल ते विचारा. हाफ साधारण दोघा-तिघांना होते.

रोट्या एकदम मागवू नका. पहिल्या खेपेला माणशी एक, मग पुन्हा. गार झालेल्या रोट्या कोणी खात नाही आणि पैसे मात्र सगळ्यांचे जातात.

अनलिमिटेड थाळी दिसायला फायद्याची वाटते. मनसोक्त जेवणारे असाल, दुपारी काही खाल्लं नसेल तर खरंच परवडते. पण एका थाळीत दोघांनी खाल्लेलं चालत नाही, उरलेलं बांधून मिळत नाही, आणि तुमच्यातल्या कमी जेवणाऱ्याला पूर्ण पैसे पडतात. दोघांपैकी एकाचं खाणं थोडं असेल तर तिथे जाऊ नका, अलाकार्ट (मेन्यूकार्डावरून एकेक पदार्थ) किंवा लिमिटेड थाळी घ्या.

गोड वेगळ्या ठिकाणी खा. जेवणानंतर चालत जाऊन मस्तानी (आइस्क्रीम घातलेला घट्ट मिल्कशेक) किंवा कुल्फी खाल्ली तर टेबल अडत नाही, पाय मोकळे होतात, आणि ज्याला नको तो नाही म्हणू शकतो. मस्तानीचा ग्लास मोठा असतो. दोघांत एक पुरते.

ॲपवरून टेबल बुक करून सूट घेणार असाल तर तीन ओळी नक्की वाचा: जास्तीत जास्त किती रुपये सूट, कमीत कमी किती बिल हवं, आणि थाळी किंवा बुफेला ती लागू आहे का. "कमीत कमी" गाठायला म्हणून दोन पदार्थ वाढवले की सूट त्यातच गेली.

७. बिल वाचा

बिल आलं की एकाने ते ओळीने वाचायचं. हा अविश्वास दाखवणं नव्हे, गर्दीत शेजारच्या टेबलाचा लस्सीचा ग्लास आपल्या नावावर चढतो.

पहिल्यांदा पदार्थ आणि संख्या, विशेषतः रोट्या आणि पाव. मग कर. साध्या हॉटेलांना, एसी असो वा नसो, ५ टक्के जीएसटी आहे. बिलावर तो सीजीएसटी (केंद्राचा) २.५ आणि एसजीएसटी (राज्याचा) २.५ असा दोन ओळींत दिसतो. दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या खोल्या असलेल्या बड्या हॉटेलांमधल्या रेस्टॉरंटला १८ टक्के, तिथे आपलं काम नाही. कर लावलेला असेल तर बिलावर १५ अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो.

अनेक छोटी हॉटेलं जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात. ती आपला कर स्वतःच्या खिशातून भरतात, ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाहीत, आणि तसं बिलावर लिहिणं त्यांना बंधनकारक आहे. बिलावर कंपोझिशन असंही लिहिलंय आणि खाली ५ टक्के जीएसटीही लावलाय, असं दिसलं तर शांतपणे दाखवा.

मद्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. म्हणून ते बिल वेगळंच मागा. कर वेगळा, आणि न पिणाऱ्यांचा वाटाही आपोआप वेगळा होतो.

आता सर्व्हिस चार्ज. हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली: हॉटेलने तो आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या नावाने लावू नये, सक्ती करू नये. हॉटेलांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वं योग्य ठरवली. त्याविरुद्ध संघटनांनी अपीलही केलं. सर्व्हिस चार्ज किती भारी पडतो ते बघा. समजा सहा जणांचं जेवण १,८०० रुपयांचं झालं. ५ टक्के जीएसटी ९० रुपये, एकूण १,८९०, माणशी ३१५. त्याच बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला तर आधी १८० वाढतात, मग १,९८० वर जीएसटी लागून बिल २,०७९ होतं. माणशी साडेएकतीस रुपये जास्त, तुम्ही कबूल न केलेले.

असा चार्ज दिसला तर मॅनेजरला सांगा, "हा काढून बिल द्या." आवाज चढवायची गरज नसते, बहुतेक जण काढतात. नाही काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

चार्ज काढायला लावला तरी वेटरला टीप द्या. बडीशेपेच्या ताटलीत रोख ठेवा, म्हणजे त्याच्या हातात पडते. साध्या हॉटेलात दहा-वीस रुपये ठेवतात, ग्रुप मोठा असेल आणि त्याने खेपा घातल्या असतील तर जास्त ठेवा.

बिलावर आणखी एक आकडा असतो, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक. २०२२ पासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे. खाण्यात काही खराब निघालं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना हाच क्रमांक लागतो. म्हणून बिल टाकून देऊ नका, निदान फोटो ठेवा.

८. टीटीएमएम की भागाकार?

टीटीएमएम म्हणजे "तुझं तू, माझं मी". दोन्ही चालतात, पण कुठलं ते बसण्याआधी ठरवा. सगळ्यांनी साधारण सारखंच खाल्लं असेल तर सरळ भागाकार. एकाने फक्त चहा घेतला असेल तर त्याच्याकडून चहाचेच घ्या, आणि हे त्याने म्हणायच्या आधी दुसऱ्या कोणी तरी म्हणावं. "जाऊ दे, समान करू" हे वाक्य नेहमी ज्याने जास्त खाल्लेलं असतं त्याला सोपं जातं.

एकाने पूर्ण बिल भरावं आणि बाहेर पडण्याआधीच ग्रुपवर टाकावं: बिलाचा फोटो, एकूण किती, किती जण, प्रत्येकी किती. पैसे त्याच रात्री पाठवा. चार दिवसांनी आठवण करून देणं मागणाऱ्याला फार जड जातं, आणि मग तो पुढच्या वेळी बिल भरायला पुढे होत नाही.

स्कॅन करताना स्क्रीनवर आलेलं नाव हॉटेलचंच आहे का ते बघा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कोणी "पैसे पाठवतोय, पिन टाक" म्हणालं तर टाकू नका.

वाढदिवसाची पार्टी हा वेगळा विषय आहे. पार्टी देणाऱ्याला न विचारता महागडं मागवू नका. त्याहून चांगलं म्हणजे बाकीच्यांनी काँट्री काढून त्याचं जेवण भरावं. एका माणसावर आठ जणांचा भार पडला की पुढे वाढदिवस लपवायची वेळ येते.

९. दोघंच असाल तेव्हा

जोडीदाराबरोबर पैशांविषयी बोलायला बहुतेकांना अवघड वाटतं. सुरुवातीच्या भेटींत मोठं ठिकाण निवडलं जातं, मग ते टिकवायची धडपड होते. पहिल्या भेटीलाच साध्या ठिकाणी जा: कॉफी, डोसा, नंतर चालत फिरणं. ज्याने बोलावलं त्याने पहिल्यांदा द्यावं, पुढच्या वेळी दुसऱ्याने, मुलगा असो की मुलगी. दोघांच्या कमाईत मोठा फरक असेल तर पाळी-पाळीने देतानाही जागा कमी कमावणाऱ्याच्या खिशाप्रमाणे निवडा. कधी एखादं महागडं ठिकाण खूप मनात असेल तर जास्त कमावणाऱ्याने आधीच "हे माझ्याकडून" असं स्पष्ट सांगावं, बिल आल्यावर नव्हे.

बिल देण्यावरून कोणी पुढे काही गृहीत धरत असेल, तर आपला वाटा लगेच द्या आणि निघा.

दोघांना ऑर्डर देताना एक अडचण येते: एक भाजी दोघांना जास्त होते आणि दोन घेतल्या तर नक्की उरते. एक भाजी, एक वाटी दही किंवा कोशिंबीर आणि हाफ राइस पुरतो. राहिलं तर डबा आहेच. सकाळी तीच भाजी पोळीबरोबर खाता येते.

१०. जाणं-येणं

खर्चाच्या हिशोबात हे कोणी धरत नाही. स्वस्त मिसळीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला रिक्षाने गेलात तर मिसळ स्वस्त राहत नाही. फर्ग्युसन आणि जंगली महाराज रस्त्यासाठी मेट्रोची डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानकं, पेठांसाठी मंडई आणि कसबा पेठ. शेवटची गाडी किती वाजता ते जातानाच बघून ठेवा.

दुचाकी नेणार असाल तर पार्किंगची पाटी वाचा. कित्येक रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची असते. टोइंगवाल्यांनी गाडी उचलली तर दंड आणि उचलण्याचा खर्च मिळून एका माणसाच्या साध्या जेवणापेक्षा जास्त जातात, वर वाहतूक शाखेत जाऊन गाडी सोडवून आणावी लागते.

रात्री उशीर झाला तर मिळून रिक्षा करा आणि भाडं वाटून घ्या. सगळ्यात लांब राहणाऱ्याचा मार्ग आधी ठरवा आणि मधले त्या वाटेवर उतरा. एकटी किंवा एकटा जाणाऱ्याने रिक्षाचा नंबर ग्रुपवर टाकावा, पोचल्यावर "पोचले" एवढं लिहावं. तो मेसेज येईपर्यंत ग्रुपमधल्या एकाने तरी जागं राहावं.